पेटाऱ्यातली तारामती

मालकांनी झेरॉक्स मशीनच्या झाकणावर नारळ ठेवला, तशी नयन म्हणाली, "मालकानू, थय नको. खाली काच आसा."

मालकांनी नारळ उचलला आणि तो कुठं ठेवायचा हे न कळून हातातच धरून उभे राहिले. रघुवीर धुरी, आमच्या दशावतारी कंपनीचे मालक. गावोगावच्या मानकऱ्यांना नुसत्या आवाजानं गप्प करणारा हा माणूस कुडाळच्या स्टँडमागल्या एका गाळ्यात, लग्नाचे अल्बम आणि शाईच्या बाटल्या यांच्यामधे, नव्या जावयासारखा अवघडून उभा होता. काउंटरवर लाल खण पसरला होता. खणावर एक काळी पट्टी, पानाच्या चपट्या डबीएवढी. तिच्यावर हळदीकुंकवाची इतकी पुटं चढली होती की छापलेली अक्षरं दिसत नव्हती.

"गाऱ्हाणा घातल्याबिगर वायर लावूची नाय," मालक म्हणाले.

"घाला," नयन म्हणाली. "पण धूप पेटवू नकात. धूर आत गेलो तर माझा मशीन बसात."

मालकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पेटाऱ्यातली ही वस्तू मशिनीक लावूक काढली आसा. तिका काय वायट होवक नको."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझ्यामागं आधार कार्डाची झेरॉक्स काढायला दोघं आले होते. तेही म्हणाले, "व्हय म्हाराजा." आमच्याकडं गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. कशासाठी ते नंतर विचारतात.

त्या पट्टीत तातू होता.

तातू गवंडळकर, आमच्या कंपनीचा स्त्रीपार्टी. म्हणजे बाईची कामं करणारा पुरुष. एरवी विडी ओढत, कमरेला टॉवेल गुंडाळून फिरणारा हाडकुळा माणूस. पण राजा हरिश्चंद्राचं आख्यान लागलं आणि तातू तारामती होऊन रंगमंचावरच्या बाकड्यावर येऊन बसला की पुढल्या बायका पदर सावरायच्या, जणू घरात कोणी मोठी बाई आली. तो छातीत कळ येऊन गेला. मी दिगंबर. त्याच्या हाताखाली तयार झालो आणि तो गेल्यावर त्याच्या लुगड्यांत शिरलो.

आमच्या खेळाला लिहिलेलं काही नसतं. मालक सांगतात, आज अमुक आख्यान. तोंडाला रंग लावता लावता कोण कोण काय ते ठरतं, आणि बोलणं तिथंच, लोकांपुढं, उभ्या उभ्या सुचेल तसं. शहरातून येणारे लोक ह्याला महान लोककला म्हणतात, फोटो काढतात, जेवतात आणि जातात. तातू मेला तेव्हा त्यातला एक कुत्रा फिरकला नाही.

धामणगाळूच्या जत्रेचा खेळ मालकांच्या आज्यापासून आमच्याकडं. तिथं हरिश्चंद्रच लागतो, दुसरं काही चालत नाही. तातू गेल्यावर पहिल्या वर्षी तारामती मी केली. स्मशानाचा प्रवेश आला. मांडीवर मेलेला रोहिदास आणि समोर स्वतःचाच नवरा, डोंबाचा चाकर, प्रेत जाळायचा कर मागतोय. मी जीव तोडून विलाप केला. घसा बसला. आणि लोक उठून भजी खायला गेले. खेळ संपल्यावर एक म्हातारी रंगपटाच्या दाराशी येऊन मला म्हणाली, "झिला, बोलतंस बरा. पण खूप बोलतंस."

यंदा गावचे मानकरी मालकांच्या घरी आले. चहा घेतला आणि सरळ सांगितलं. "तातूसारखी तारामती होणार असली तर येवा. नायतर आमी दुसरी कंपनी बघतो." मालक दोन दिवस जेवले नाहीत. धामणगाळू गेलं की आजूबाजूचे गावही जाणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मी तातूचं बाकी सगळं पाहिलं होतं. फक्त तो प्रवेश नाही. कारण तेव्हा मी पडद्यामागं रंगपटात असायचो. शेवटी प्रकट होणारा विष्णू मी, मुकुट बांधत बसलेला. तातूचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मधे तो अडायचा. बराच वेळ काहीच यायचं नाही. "तातू अडलो," असं म्हणून आम्ही रंगपटात एकमेकांकडं बघून हसायचो. मग बाहेर बायकांची नाकं ओढल्याचे आवाज यायचे, आणि मला वाटायचं, आता आठवलं असेल, आता बोलला असेल काहीतरी जबरदस्त, माझ्याच कानावर आलं नाही. ते बोलणं मला हवं होतं.

आणि ते बोलणं ह्या पट्टीत होतं.

नयन ही तातूची भाची. लग्नाची शूटिंगं करायची. एका वर्षी तिनं धामणगाळूचा अख्खा खेळ कॅमेऱ्यात धरला. कॉम्प्युटरला जोडायची ही एसएसडी तिच्याकडं पडून होती, तिच्यात भरला आणि कौतुकानं मालकांना दिला. मालकांना भलताच घोर लागला. ही तारामती दुसऱ्या कंपनीच्या हाती पडली तर? त्यांनी नयनला पेटाऱ्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली, दुसरी प्रत ठेवायची नाही. आमचा पेटारा म्हणजे मुकुट आणि गणपती ठेवायची पेटी. तिला आम्ही देवच मानतो, तिच्यावर खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. नयननं आपल्याकडची प्रत पुसली. तातू तिथंच विडी ओढत होता. म्हणाला, "संपलंय मी. घातलास माका डबयेत."

तेव्हापासून पट्टी पेटाऱ्यात. दर हंगामाच्या पूजेला बाहेर निघायची, कुंकू लागायचं, परत खणात, परत आत. पावसाळ्यात पेटारा मालकांच्या माळ्यावर, पत्र्याच्या खाली. हंगामात टेम्पोच्या टपावर, उन्हात. सहा-सात वर्षं. तिला वायर कोणी लावली नाही. वस्तू टिकवायची म्हणजे तिला कुंकू लावायचं आणि कोंडायची, एवढंच आम्हाला ठाऊक. देवाला तसंच, बायकांना तसंच.

नयननं ओल्या कपड्यानं कुंकू पुसलं, पट्टीला वायर जोडली आणि पडद्याकडं बघत बसली. काही आलं नाही. वायर काढून दुसरीकडं लावली. पडद्यावर कसलंसं इंग्रजी वाक्य आलं आणि गेलं.

"काय म्हणता ता?" मालक.

"हिका आपला नाव आठवणा नाय."

"म्हणजे?"

नयननं खुर्ची वळवली. "पूर्वीच्या डिस्कमधी तबकडी फिरायची मालकानू. हेच्यात काय फिरणा नाय. बारीक बारीक खोले आसत, करोडांनी. एकेका खोल्यात इल्लीशी वीज कोंडून ठेवलेली. खयच्या खोल्यात किती वीज, तेच्यावरना चित्र, तेच्यावरना आवाज. आतमधी तातूमामा म्हणजे तितकाच. कोंडलेली वीज."

"मग ती गेली खय?"

"पाझारली. भितींतसून पाझारता ती. थंडीत हळू, गरमीत बेगीन. तुमी ठेवलास पत्र्याखाली."

"देवाच्या पेटाऱ्यात ठेवलंय मी," मालकांचा आवाज चढला. "पेटाऱ्यातली वस्तू खराब कशी होतली?"

"पेटाऱ्यातले मुकुट काळे पडतत मां? मग?"

आधार कार्डवाले दोघं झेरॉक्स मिळूनही हलले नव्हते. त्यातला एक म्हणाला, "बरोबर बोलता ती." मालकांनी त्याच्याकडं असं बघितलं की दोघंही बाहेर पडले.

"चूक माझी पण आसा," नयन म्हणाली. "ही काय नवीन नव्हती. तीन-चार सीझन मी हिच्यावर लग्नां भरलंय. भरूची, पुसूची, परत भरूची, काठोकाठ. दर वेळच्या भरण्या-पुसण्यात भिती पातळ होतत. तशी झिजलेली वस्तू तुमका दिलंय. तुमीच म्हणालात, घरात आसा ती दी."

"मग वापरल्यान खराब झाली असा म्हण."

"वापरल्यान झिजली. कोंडल्यान इसारली." तिनं पायाजवळच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर टाच आपटली. "हिची जोडीदार हय आसा. एकाच दिवशी घेतलेली. हिच्यावर रोज लग्नां, बारशी, माझ्या पोराचे गेम. त्या पट्टीपेक्षा जास्त झिजली असात. कधीतरी मरतली ती पण, एका दिवसात, न सांगता. पण आज सगळा धरून आसा. रोज वीज मिळाली की आतलो मेंदू फिरान बघता, खयचो खोलो रितो होत इलो, तो परत भरता. पेटाऱ्यात कोण भरतलो?"

"देव," मालक म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

मला एवढंच हवं होतं, म्हणून विचारलं. "काहीच उरला नाय?"

"तसा सांगूक येणा नाय. काही खोल्यांत आसात अजून. भरलो की रितो, ता ओळखूक कठीण, इतकी कमी. ती सोताच परत परत वाचून बघता. लावून ठेवूया. कोणी हात लावू नकात."

तिनं टेबल फॅन त्या पट्टीकडं वळवला आणि आपल्या कामाला लागली. मालक बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी स्टूल ओढून पट्टीसमोर बसलो.

पट्टीच्या कडेला मोहरीएवढा निळा दिवा होता. तो लुकलुकायचा, थांबायचा, बराच वेळ मेल्यासारखा व्हायचा आणि परत लुकलुकायचा. सकाळ सरली. मला कोणी जेवायला बोलावलं, मी गेलो नाही. आत कोणीतरी एकेका खोलीचं दार उघडून विचारतंय, आहेस का, असं मला दिसायला लागलं. तातूचं काजळ, त्याची दाबाची नथ, लुगड्याचा काठ, धामणगाळूच्या देवळाची पायरी, सगळं मोडून एवढं एवढं करून त्या खोल्यांत वाटलेलं. आणि ती वीज पत्र्याच्या उकाड्यात, मुकुट आणि गणपतीच्यामधे, कोणी न विचारता आपापल्या जागी बसून राहिलेली. भिंती पातळ. पळून जायला कोणाची आडकाठी नाही. काही पळालीही. पण काही थांबली होती. कशासाठी? तिला काय ठाऊक की आपण तातूच्या पापणीचा केस आहोत? मी जन्मभर देवळांच्या पुढं नाचलो, देव झालो, देवी झालो. अंगावर काटा कधी आला नव्हता. त्या शाईच्या वासाच्या गाळ्यात आला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा दिवा स्थिर झाला. नयननं गिऱ्हाइकाचे पैसे तसेच गल्ल्यावर टाकले आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडं वाकली.

"आठवला," ती हळूच म्हणाली. "नाव आठवला हिका."

मालकांना हाक मारली. ते चप्पल बाहेर काढून आत आले. नयननं आधी दिसेल ते सगळं आपल्या कॉम्प्युटरमधे ओढून घ्यायला सुरुवात केली.

"शपथ," मालक म्हणाले.

"शपथ मी मोडलंय," मी म्हटलं. "देव विचारीत तर माझा नाव सांगा."

बराच वेळ गेला. मग नयननं एकदा बघितलं, परत बघितलं आणि ओठ चावला.

"चित्र आसा. तुटक तुटक, पण आसा. आवाज नाय."

"आवाज नाय म्हणजे?"

"आवाज मी माइकवर वेगळो घेतलेलो. कॅमेऱ्यात नुसती जनरेटरची घरघर होती, म्हणान ती काढून टाकलंय. माइकची फाइल गेली. अख्खी."

मालक खाली बसले. "बोलणाच नाय तर बघूचा काय?" त्यांनी खण उचलला, त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "सोमवारी जत्रा. मी तेंका निरोप धाडतंय, दुसरी कंपनी बघा." आणि चप्पल घालून ते खरंच निघून गेले.

मला रडूही येईना. बोलणं गेलं होतं. बोलण्यासाठीच तर मी आलो होतो.

"बघूचा हा?" नयननं विचारलं. "आता काढलाच आसा तर."

तिनं लावलं. मुका तातू बाकड्यावर आला. चित्र अडखळत होतं, मधेच अर्ध्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन यायचे, मग सुटायचं. ओठ हलत होते. तिनं पुढं ओढलं. स्मशान आलं. तातूच्या मांडीवर रोहिदास, म्हणजे जुन्या लुगड्याची लांबट वळकटी. हरिश्चंद्राचं काम करणारा अंता समोर उभा, हात पुढं करून कर मागतोय.

आणि तातूचे ओठ मिटले.

आता चित्र एकदाही अडखळलं नाही. तातू अंताकडं बघतो. नुसता बघतो. मग ज्या डाव्या हातावर वळकटी होती, तो हात त्याला जड होतो. आपल्याला कळतं की जड झाला. झोपलेलं पोर जड होतं तसा. तो उजवा हात वळकटीच्या डोक्याखाली घालतो, मान लचकू नये म्हणून पंजा पसरतो आणि तिला ह्या हातावरून त्या हातावर घेतो. सावकाश. जाग येईल म्हणून. मोकळ्या झालेल्या डाव्या हाताची बोटं दोनदा मिटून उघडतो, मुंग्या झाडतो. मग पदराच्या टोकानं वळकटीच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसतो. नसलेली लाळ. मेलेल्या पोराची. मग त्याला आठवतं. हात तिथंच राहतो.

किती वेळ गेला कोण जाणे. कॅमेऱ्याच्या कडेला पहिल्या रांगेतल्या बायका दिसत होत्या. एकीनं पदर तोंडात कोंबला होता.

तातू अडला नव्हता. इतकी वर्षं आम्ही पडद्यामागं बसून हसत होतो ते ह्याच्यावर.

"माझी आवस माका जल्म देताना गेली," नयन म्हणाली. तिचे डोळे पडद्यावरच होते. "मामान वाढवल्यान माका. बाजारातना उचलून आणायचो. वाटेत ह्या हातावरना त्या हातावर घ्यायचो. मी जागी असायचंय. झोपेचा सोंग करून पडायचंय, उतरवीत म्हणान."

"तू शूटिंग केलंस मां ह्या?"

"केलंय. फोकस बघी होतंय." तिनं नाक पुसलं. "हेच खोले कसे रवले गो बाई."

आम्ही ते परत लावलं. परत परत लावलं. बाहेर स्टँडवर कंडक्टर गावांची नावं ओरडत होते.

मालकांना मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन गाठलं. म्हटलं, धामणगाळूला निरोप पाठवू नका, मी तारामती करतो. ते म्हणाले, "बोलणा गावला?" मी म्हटलं, गावलं. ह्यापेक्षा जास्त सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं नसतं.

धामणगाळूची जत्रा भर दुपारची. तिथला देव दिवस मावळला की झोपतो, मग ढोलसुद्धा वाजवायचा नाही असा रिवाज. देवळापुढच्या मोकळ्या जागेत मांडव, मांडवाला झावळ्या, झावळ्यांतून ऊन. मालक त्या दिवशी विष्णू झाले होते, कारण आमचा विष्णू तापानं पडला होता. ते रंगपटात मुकुट बांधायला बसले आणि मी स्मशानात गेलो.

अंतानं हात पुढं केला. कर मागितला. त्याचं झालं आणि तो माझ्या विलापाची वाट बघत उभा राहिला.

मी काही बोललो नाही.

हार्मोनियमच्या बुवांना वाटलं मला आठवत नाही. त्यांनी आधाराला एक सूर दिला. मग दुसरा. मग तेही थांबले. मी वळकटी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेणार होतो, तातूसारखी. तेवढं घोकून आलो होतो. पण वरची झावळी वाऱ्यानं सरकली आणि उन्हाची तिरीप सरळ वळकटीच्या तोंडावर पडली. माझा हात आपोआप गेला. मी पदर ओढला आणि पोराच्या डोळ्यांवर सावली धरली.

ते तातूचं नव्हतं. ते कुठल्या पट्टीतही नव्हतं. माझी लेक भात कापणीच्या दिवसांत बांधावर झोपायची, तिचं होतं.

सावली धरून मी अंताकडं बघितलं. अंता तातूबरोबर जन्मभर उभा राहिलेला माणूस. त्यानं पुढं केलेला हात खाली घेतला. आख्यानात तसं नाही. हरिश्चंद्र हात खाली घेत नाही. भज्यांच्या कढईचा चुरचुर आवाज तेवढा लांबून येत होता, मग भजीवाल्यानंही स्टोव्ह बारीक केला. पहिल्या रांगेत ती म्हातारी बसली होती. तिनं आपला पदर पुढं ओढला, आपल्याच मांडीवर, जिथं काही नव्हतं तिथं सावली धरली.

ती काळी पट्टी परत पेटाऱ्यात गेली नाही. ती नयनच्या दुकानात कॉम्प्युटरला लावलेली असते आणि रोज थोडी झिजते. तातूच्या आणखी दोन प्रती वेगळ्या ठिकाणी आहेत. कुठं ते मालकांना अजून ठाऊक नाही. हे त्यांनी आता इथं वाचलं तर वाचलं.

त्या दिवशी विष्णू प्रकट झाला, रोहिदास उठला, आरती झाली. मानकऱ्यांनी पुढल्या वर्षीच्या खेळाचा नारळ मालकांच्या हातात दिला. मी रंगपटात येऊन टोप काढला. मालक माझ्या शेजारी बसून मुकुटाच्या नाड्या सोडत होते. इकडंतिकडं कोणी नाही असं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"दिगू, खरा सांग. मधी अडलंस मां?"

"व्हय मालकानू," मी म्हटलं. "अडलंय."